बजऱ्यावरचे पंडितजी

आप्पांना धोतर नेसायला मीच सांगितलं होतं. मुंबईहून मुद्दाम फोन करून. धोतर, रेशमी काठाचं उपरणं, आणि जमलं तर कपाळाला गंध. "फोटोत छान दिसेल," असं म्हटलं होतं मी. ते म्हणाले, "धोतर शोधावं लागेल. तुझ्या वहिनीला विचारतो."

आप्पा म्हणजे माझे वडील. रेल्वेच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, इंजिनाच्या सुट्या भागांचे नकाशे काढायचे. जन्मभर पँट आणि वर मोकळा सोडलेला बुशशर्ट. आमचं घर बनारसला, मंगला गौरीच्या पायऱ्यांपासून दोन गल्ल्या आत. आजूबाजूच्या मराठी घरांतले बरेच पुरुष पूजा सांगणारे. माझे आजोबाही तेच करायचे. आप्पांनी ते सोडलं, आणि चिडून सोडलं.

लहानपणी आजोबा त्यांना यजमानांकडे घेऊन जायचे, मंत्र म्हणायला दुसरा आवाज म्हणून. एका घरी जेवणं झाल्यावर यजमानाने दक्षिणेची नाणी मुलांच्या हातावर वरून सोडली, गंमत म्हणून. आप्पांचं नाणं हातावरून उडून नालीत गेलं. यजमान हसत म्हणाला, काढ की, तुझंच आहे. आप्पांनी ते काढलं. आजोबा बघत होते, बोलले काही नाहीत. घरी येऊन आप्पांनी त्यांच्या आईला सांगितलं की यापुढे मी कुणापुढे हात पसरणार नाही. हे त्यांनी इतकं पाळलं की माझ्या भावाच्या मुंजीत भिक्षावळ सुरू झाली तेव्हा ते मांडवातून उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

ही गोष्ट मी माझ्या पुस्तकात लिहिली आहे. पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण तेच, असं वाचणारे सांगतात.

मी नटी आहे. मालिकांमध्ये आधी मोठी जाऊ होते, मग सासू झाले, आता आजीच्या भूमिका यायला लागल्या आहेत. विमानतळावर लोक चेहरा ओळखतात आणि नाव विचारतात, त्या जातीतली. बनारसहून मुंबईत आले तेव्हा माझ्या मराठीला सगळे हसायचे, कारण मी भाजीला सब्जी म्हणायचे आणि कंटाळले की परेशान व्हायचे. ती मराठी मी वर्षभरात घासूनपुसून काढली. पुढे मोठ्या नटनट्यांच्या घरी येणंजाणं सुरू झालं तेव्हा लक्षात आलं की त्या दिवाणखान्यांत काशीला फार भाव आहे. कुणी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या, की मी काशी म्हणायचे आणि समोरच्याचे डोळे मोठे व्हायचे. मग मी गंगा, घाट, पहाटे कानांवर पडणारे मंत्र असं सगळं वाढून द्यायचे. आमच्या घरात पहाटे कानांवर पडायच्या त्या आप्पांच्या रेडिओवरच्या बातम्या. पण काय खपतं हे नटीला लवकर कळतं.

त्या घरांपैकी एक घर एका नायिकेचं. आज तिचा चेहरा उड्डाणपुलांवरच्या फलकांवर असतो, पण एकेकाळी ती माझ्या धाकट्या जावेचं काम करायची. सेटवर आमची एकच मेकअपची खोली होती. ती मला दीदी म्हणते. मोठी झाली तरी तिने ओळख टाकली नाही. माझी आई गेली तेव्हा तिने शूटिंग थांबवून मला फोन केला होता. तेव्हा तिला वाईट ठरवून मला इथे सुटका करून घ्यायची नाही.

माझ्या पुस्तकाचा हिंदी अनुवाद निघाला तेव्हा ती चित्रीकरणासाठी बनारसलाच होती. तिनेच सुचवलं की प्रकाशन इथेच करू, गंगेवर, बजऱ्यावर. बजरा म्हणजे मोठी, छताची, सजवलेली नाव. तिच्या माणसांनी सगळी व्यवस्था केली. पाहुणे तिच्या चित्रपटाचे, दोन-तीन वाहिन्यांचे, आणि मोबाइलवर व्हिडिओ करून नावारूपाला आलेली काही मुलं. मी फक्त दोन माणसं सांगितली, आप्पा आणि वहिनी. भाऊ नोकरीवर बाहेरगावी असतो.

ते हिवाळ्याचे दिवस होते. दुपार कलली की मुन्शी घाटावर ऊन पिवळं पडतं आणि पाण्यावर पांढऱ्या पक्ष्यांचे थवे बसतात. नावाडी त्यांना शेव टाकतात आणि पर्यटक फोटो काढतात. मी आधीच बजऱ्यावर होते. माझी एक छोटी मुलाखत वरच्या भागात चालली होती. खाली पाट, समई, फुलं, आणि पाटावर माझ्या पुस्तकाच्या पाच-सहा प्रती अशी मांडणी केलेली. पूजेसाठी हॉटेलकडून एक पंडित बोलावले होते. ते गर्दीत कुठेतरी अडकले होते आणि फोन उचलत नव्हते. हे मला नंतर कळलं.

आप्पा आणि वहिनी फळीवरून चढून आत आले ते नेमके तेव्हा. व्यवस्था बघणारी मुलगी, तिशीच्या आतली, कानात यंत्र, हातात फोन, ती धावत पुढे गेली आणि म्हणाली, पंडितजी, किती उशीर केलात. आप्पांना त्यात काही वावगं वाटलं नाही. बनारसमध्ये धोतर नेसलेल्या कुणालाही लोक पंडितजी म्हणतात. वहिनीने सांगायचा प्रयत्न केला, पण त्या मुलीने तिला बाजूला उभं राहायला सांगितलं आणि आप्पांना हाताला धरून पाटासमोर बसवलं. पाच मिनिटांत पुस्तकाची पूजा, मग मॅडमना टिळा, बस, असं सांगितलं.

मी जिन्यावरून खाली आले तेव्हा आप्पा पाटासमोर बसले होते आणि तिघाचौघांनी त्यांच्यावर फोन धरले होते. मला आधी आनंद झाला. वाटलं, वडील म्हणून त्यांना मानाने बसवलं आहे. मग ती मुलगी म्हणाली, "पंडितजी, शुरू कीजिए, लाइट जा रही है."

आप्पांनी मान वर करून मला शोधलं. मी दोन पायऱ्या वर होते. मी तोंड उघडलं, आणि त्यांनी मान हलवली. अगदी थोडी. नको, अशी. लहानपणी पाहुण्यांसमोर मी काही भलतं बोलायला लागले की ते अशीच मान हलवायचे.

आणि त्यांनी सुरुवात केली. स्वस्तिवाचन. माझ्या पन्नास-पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात मी त्यांच्या तोंडून मंत्र ऐकला नव्हता. घरचा गणपतीसुद्धा आईच बसवायची. मला वाटत होतं त्यांना काही येत नसेल, आलं असलं तरी विसरले असतील. एकही अक्षर न अडखळता ते म्हणत गेले. नायिका हात जोडून डोळे मिटून बसली होती. तिने माझा हात धरून मला शेजारी बसवलं आणि कानात म्हणाली, "दीदी, आपके पंडितजी कितने अच्छे हैं. कहाँ मिले?"

मी हसले. खरंच हसले, आणि काही बोलले नाही.

आप्पांनी पुस्तकांवर अक्षता टाकल्या. तिला टिळा लावला. मग मला लावला. तिने मला खूण केली आणि आम्ही दोघींनी त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी तिला आशीर्वाद दिला आणि अगदी त्याच शब्दांत, त्याच सुरात मलाही दिला, जणू मी त्यांची कुणी नव्हेच.

मग ती मुलगी पाकीट घेऊन आली. पाकिटावर झेंडूचं फूल ठेवलं होतं. "पंडितजी, दक्षिणा," ती म्हणाली. फोन अजून चालूच होते. आप्पांचे हात मांडीवर होते. थोडा वेळ ते तिथेच राहिले. मग उजवा हात वर आला, उताणा झाला, त्यांनी पाकीट घेतलं आणि कपाळाला लावलं. कोपऱ्यातून वहिनी बघत होती. तिने तोंडावर पदर घेतला.

त्या मुलीने आप्पांना सांगितलं की आता बजरा सुटणार आहे, तुम्ही उतरू शकता. ते गुडघ्यावर हात टेकून उठले. वहिनी त्यांच्यामागे गेली. फळी अजून लावलेली होती. नावाडी दोर सोडवत होते, काठावरच्या कुणाशी तरी त्यांची हुज्जत चालली होती. वेळ होता. भरपूर वेळ होता.

मी बजऱ्यावर राहिले.

का राहिले, याची उत्तरं मी पुष्कळ शोधली आहेत. माझं पुस्तक होतं, माझा दिवस होता, आप्पांनीच मान हलवून गप्प केलं होतं, आता मध्येच सांगितलं तर नायिकेला सगळ्यांसमोर खजील व्हावं लागेल. यातलं काहीच खोटं नाही. पण फळी ओढून घेतली तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं, हेही खोटं नाही.

बजरा रामनगरच्या दिशेने निघाला. मग प्रकाशन झालं, फोटो झाले, आणि नायिकेने मला पुस्तकातलं काहीतरी वाचून दाखवायला सांगितलं. कुठला भाग वाचायचा हे आधीच ठरलं होतं. मी सात-आठ वेळा तालीम केली होती. नालीत पडलेल्या नाण्याचं प्रकरण.

मी ते वाचलं. कसं वाचलं असं कुणी विचारेल. चांगलं वाचलं. माझा धंदाच आहे तो. जिथे थांबायचं तिथे थांबले, आजोबा काही बोलले नाहीत या वाक्याला आवाज खाली आणला. 'यापुढे मी कुणापुढे हात पसरणार नाही' हे वाक्य आलं तेव्हा समोरच्या दोन बायका डोळे पुसत होत्या. नायिकेच्या डोळ्यांतही पाणी होतं, आणि ते खरं होतं, तिला मी ओळखते. वाचून झाल्यावर ती सगळ्यांसमोर म्हणाली की अशा वडिलांना मला एकदा भेटायचं आहे, दीदी, भेटवाल ना.

मी म्हटलं, नक्की.

घरी पोहोचले तेव्हा दिवेलागणी होऊन गेली होती. वहिनी स्वयंपाकघरात होती. तिने माझ्याकडे न बघता ताट वाढलं, पोळी टाकली, पुन्हा पोळी घेणार का हे विचारलं नाही. ती पंचवीस वर्षं या घरात आहे आणि मला ताई म्हणते. त्या दिवशी तिने मला काहीच म्हटलं नाही. आप्पा पायजमा घालून खाटेवर बसून टीव्हीवर क्रिकेट बघत होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. कितीतरी वेळ आम्ही दोघांनी तो सामना बघितला. मला त्यातलं काही कळत नाही.

शेवटी मी म्हटलं की आप्पा, मी बोलणार होते, तुम्ही मान हलवलीत.

"हो. तिथे बोलू नको, असंच सांगितलं मी," ते म्हणाले. "इतके कॅमेरे, तुझा कार्यक्रम. तमाशा झाला असता. तू इतकी वर्षं करतेस ते एकदा मी केलं, त्यात काय."

मी म्हटलं, पण मी नंतर उतरू शकले असते. फळी लावलेली होती.

ते टीव्हीकडेच बघत होते. "ते मला माहीत आहे. घाटाच्या वरच्या पायरीवर थांबलो होतो आम्ही. तुझी वहिनी चला म्हणत होती, मी म्हटलं थांब जरा, ती उतरेल."

एवढंच बोलले. आवाज चढवला नाही, मला समजावलंही नाही. ते रागावले असते तर मी रडले असते, माफी मागितली असती आणि हलकी झाले असते. त्यांनी मला ती सवलत दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बरोबर चल म्हटलं. पाकीट त्यांच्या खिशात होतं, न उघडलेलं. आम्ही समोरच्या गल्लीत काकांकडे गेलो. हे आप्पांचे चुलतभाऊ, पूजा सांगून घर चालवतात. दोघांचं वाकडं कधीच नव्हतं, पण आप्पा त्यांच्याशी बोलताना जरा वरून बोलायचे, हे मी लहानपणापासून बघत आले होते. काकांना ते कळत असणार. त्यांनी ते कधी दाखवलं नाही.

काका ओट्यावर पूजेचं सामान पिशवीत भरत होते. आप्पांनी पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "हे तुझ्या कामाचं आहे. चुकून माझ्या हातात आलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. मी शेजारी उभी होते. माझ्याबद्दल बोलताना मात्र 'ही कामात होती' एवढंच म्हणाले. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की मंत्र आठवले का. आप्पा म्हणाले, सगळे आठवले. काकांना हसू आलं. मग आप्पा म्हणाले, "तू रोज हात पुढे करतोस. मी जन्मभर त्याची घृणा केली. कठीण काम आहे रे ते. मला आजवर ठाऊक नव्हतं."

काका म्हणाले, त्यात काय, सवय होते. आणि आत बघून दोन चहा सांगितले.

मी ओट्यावर बसून तो चहा प्याले आणि मला माझ्या पुस्तकातलं ते प्रकरण आठवत राहिलं. त्यात काकांचा उल्लेख एकाच ओळीत आहे. 'ज्यांना हात पसरायची लाज वाटली नाही, ते मागे राहिले,' अशी ती ओळ आहे. मला ती लिहिताना फार आवडली होती. काकांनी मराठी आवृत्ती वाचली होती, हे मला माहीत होतं. त्यांनी मला कार्ड पाठवून कौतुकही कळवलं होतं.

त्याच दुपारी नायिकेने बजऱ्यावरचा व्हिडिओ टाकला. काशीचे आशीर्वाद, असं वर लिहिलेलं. आप्पांचा आवाज, तिचे मिटलेले डोळे, मग आप्पांचा उताणा हात आणि पाकीट. तो लाखो लोकांनी बघितला म्हणतात. आमच्या गल्लीत सगळ्यांनीच बघितला. पानवाल्याने आप्पांना विचारलं की गुरुजी, आता सत्यनारायण पण सांगता का. कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याचा फोन आला, तो हसत होता. आप्पा सगळ्यांना म्हणाले, हो, जरा हौस म्हणून. दोन-तीन दिवस ते बाहेर पडताना बुशशर्टाच्या खिशाला पेन लावायला लागले. निवृत्त झाल्यापासून त्यांनी खिशाला पेन लावलेलं मी बघितलं नव्हतं.

ते पेन बघितलं त्या दिवशी मी नायिकेला फोन केला. सगळं सांगितलं. मग ती रडायला लागली, आणि म्हणाली की दीदी, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत, मी विचारलं होतं ना तुम्हाला. तिने तासाभरात तो व्हिडिओ काढून टाकला. संध्याकाळी आप्पांना स्वतः फोन करून क्षमा मागितली. आप्पा तिच्याशी हिंदीत छान बोलले, म्हणाले की बेटी, मी रेल्वेत होतो, नकाशे काढायचो, तुझी काहीच चूक नाही. तिच्या आईची तबियत विचारली. आठवड्याने तिच्याकडून सुक्या मेव्याची मोठी परडी आली. वहिनीने ती सगळ्या गल्लीत वाटली, स्वतः एक बदाम खाल्ला नाही. माझ्याशी ती मी निघायच्या दिवशी बोलली. "ताई, पुढल्या वेळी आप्पांना काय घालायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या," एवढं.

मुंबईला परत आल्यावर मी प्रकाशकांना फोन करून काकांबद्दलची ती ओळ काढायला सांगितली. ते म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू. पुढची आवृत्ती अजून निघालेली नाही, तेव्हा ती ओळ दुकानांत तशीच आहे.

नायिकेने माझ्याशी संबंध तोडले नाहीत. एका समारंभात भेटली तेव्हा तिने मला मिठी मारली, आप्पांची चौकशी केली आणि लगेच दुसऱ्या कुणाकडे वळली. माझ्याकडे बघताना तिला अवघडल्यासारखं होतं, हे दिसत होतं. तिच्या भाबडेपणाचा मी तमाशा होऊ दिला, आणि वर त्याचा सल तिच्यावरच टाकला, असं तिला वाटत असेल तर ते बरोबरच आहे.

पुढच्या वर्षी तिच्याकडच्या दिवाळीचं बोलावणं आलं नाही. दरवर्षी येतं, कार्ड आणि सोबत मिठाईचा डबा. मी दोन दिवस खाली रखवालदाराला विचारत राहिले की माझ्यासाठी काही आलंय का. आप्पांचा फोन आला तेव्हा मी नेमकी त्याच्याशीच बोलत होते. त्यांनी विचारलं, दिवाळीला इकडे येतेस का. मी म्हटलं, अजून ठरलं नाही आप्पा, इथलं काय ते कळलं की सांगते.

फोन ठेवल्यावर मी काय बोलले ते माझ्या लक्षात आलं. मी परत फोन लावला आणि येते म्हटलं. ते बरं म्हणाले. पण पहिलं उत्तर त्यांनी ऐकलं होतं.